खिळीची रेघ

…रेघ नखाच्या कडेएवढीच, तीही तिरकं धरलं तर दिसणारी. सरळ धरलं की नाहीशी. सुगंधानं पिस्तूल पुन्हा तिरकं धरलं. होती. मागच्या दाराच्या फटीतून आत आलेल्या उन्हाच्या पट्टीत ती निळ्याकाळ्या पोलादावर पांढरी चमकली — बीजेच्या चंद्रासारखी वाकडी, खिळीच्या शेपटीखालून निघून वर चढत गेलेली. अंगठ्यानं पुसली. पदरानं पुसली. पुसण्यासारखं तिथे काही लागलेलंच नव्हतं. तिथलं काहीतरी गेलं होतं, आणि गेलेलं पुसून परत कसं येणार… उजव्या पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी अजून गुंडाळलेली होती. झोळी हलत होती, थांबत होती. आत आठ महिन्यांची मंदा आता गप्प झाली होती. एवढ्यासाठीच ना? हिला गप्प करण्यासाठीच ना ओढली मी दोरी? पायानं दोरी ओढली आणि हातानं खीळ फिरवली, दोन्ही एकदम — पाय आईचा होता, आणि हात… हात कुणाचा होता?

बाहेर ओट्यावर तिचे वडील, नाना, झोपले होते. श्वास सोडताना ते ओठांतून बारीक फू करत, पोलादावरची धूळ उडवल्यासारखं, आणि सुगंधाला लहानपणापासून हा आवाज ऐकू आला की वाटे, नाना झोपेतसुद्धा काहीतरी साफ करताहेत. धुळ्याच्या पोलिसांच्या हत्यारखान्यात तीस वर्षं काढली त्यांनी. लोटन मिस्तरी. पेन्शन झाली तरी नाव राहिलं; साक्रीपासून शिरपूरपर्यंत ज्याच्या घरी लायसनचं हत्यार तो नवरात्रात सहा नंबरच्या गल्लीत यायचाच, कारण खंडेनवमीला हत्यार पाटावर मांडायचं तर ते खोलून, पुसून, तेल देऊन, पुन्हा जसंच्या तसं जोडलेलं हवं, आणि जसंच्या तसं म्हणजे काय ते लोटन मिस्तरीलाच कळतं, असं लोक म्हणत. म्हणायचे. यंदा अष्टमी उजाडली तरी दोनच हत्यारं आली होती. भाईदासची दुनळी बंदूक आणि हे पिस्तूल. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, डॉक्टर म्हणतात अजून पिकू द्या, ही बातमी आधीच गावोगाव पोचली होती.

पिस्तूल साक्रीच्या अलीकडच्या हिलाल पाटलांचं. लढाई संपल्यावर विलायतेला परत निघालेल्या कुणा गोऱ्या कप्तानाकडून त्यांनी गेल्या साली घेतलं. लायसन झालं, सगळं झालं, आणि उद्या ते पहिल्यांदाच त्यांच्या घरी पाटावर बसणार होतं, सगळ्या गावासमोर. परवा आणून दिलं तेव्हा ते रुमालातून उलगडत म्हणाले होते, "मिस्तरी, देखा. एक ओरखडा नही याना आंगवर. घरवालीलेबी हात लावू देत नही मी."

"घरवाली रागे भरत नही का?" नानांनी विचारलं.

"भरस ना! म्हनस, मालेबी असंच रुमालमा ठेवा."

नाना खूप हसले होते. मग पिस्तुलाच्या अंगावरून चारी बोटं सावकाश फिरवत — बाळाच्या पाठीवरून फिरवावीत तशी — म्हणाले, "तीस साल व्हयनात, पाटील. मना हातनी एक रेघ नही कोनाच हत्यारवर."

सुगंधा तेव्हा दारातच होती, मंदाला कडेवर घेऊन. वाक्य तिनं ऐकलं होतं. आता ते वाक्य तिच्या मांडीवर होतं.

आणि सकाळी… सकाळी नानांनी तिच्यासमोरच सगळं केलं. धुतलेल्या धोतराचं फडकं अंथरलं. आंघोळ झाली होती तरी हात पुन्हा धुतले. भाग एकेक करून निघत गेले आणि फडक्यावर डावीकडून उजवीकडे रांगेत बसत गेले — स्प्रिंग, तिची टोपी, नळी, वरचा सरकता भाग, आणि ती खीळ. आडवी जाणारी, एका टोकाला चपटी शेपटी असलेली, सगळं पिस्तूल एकत्र धरून ठेवणारी खीळ. परत बसवताना खरी परीक्षा तिचीच. ती भोकातून नळीच्या कडीत ओवायची, आणि शेपटी खालून वर आणताना पिस्तुलाच्या अंगाला टेकू द्यायची नाही — अधांतरी वर आणायची, खाचेसमोर आली की वाटेतलं बारीक टोक बांबूच्या काडीनं दाबायचं, आणि मग एकदम आत. ज्याला कळत नाही तो तशीच घासत वर फिरवतो, तिथे कमानीसारखी रेघ पडते, आणि त्या कमानीवरून जन्मभर कळतं की हे हत्यार कुणा अडाण्याच्या हातून गेलंय. नाना खबरदारी म्हणून शेपटीखाली पोस्टकार्डाचा तुकडाही सरकवत. लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही… सुगंधा मंदाला पाजत बघत होती. नानांचे डोळे समोरच्या भिंतीकडे होते, पांढुरके, कशावरच नसलेले. बोटं मात्र खाली आपली आपली चालली होती. एकदा स्प्रिंगची टोपी सुटून घरंगळली आणि नाना जमिनीवर चाचपत राहिले — इकडे, तिकडे — टोपी तर सुगंधाच्या पायाशी होती. तिनं ती उचलून द्यायला हात पुढे केला आणि का कोण जाणे, मागे घेतला. शेवटी त्यांना सापडली. खीळ आत बसल्याचा टक्क आवाज आला.

"देख वं सुगंधा, कोठे डाग शे का?"

तिनं उजेडात धरून बघितलं होतं. नव्हता.

"नही, नाना. कोठेच नही."

"मंग! डोया कसाले लागतस? बोटंच देखतस."

एवढं झालं होतं. सगळं नीट झालं होतं. मग दुपारी, माय एकवीरेच्या देवळात गेली, नाना ओट्यावर लवंडले, मंदा झोळीत डोळे मिटू लागली, आणि सुगंधाच्या मनात ते घरंगळणं पुन्हा सुरू झालं. टोपी घरंगळली ती त्यांना दिसली नाही. मग आतली कडी? कडी खिळीत नीट ओवली गेली असेल? आणि ओवली नसेल तर? उद्या पूजा झाल्यावर पाटील हौसेनं एक बार काढणारच, आणि काही झालं, हातातच काही झालं तर… वडिलांची काळजी वाटते मुलीला. वाटायलाच हवी. ह्या काळजीच्या आधारानं ती उठली, कोनाड्यातून रुमाल काढला, तेच फडकं अंथरलं. बांगड्या वाजू नयेत म्हणून —

लहानपणी नाना आधी तिच्या बांगड्या काढायला लावत. हत्याराजवळ काच नको, चांदी नको. तेव्हा चिमुकल्या दोन-दोन असत, सरकन निघत. आता लग्नाच्या हिरव्या, सहा-सहा, आणि सवाष्णीनं त्या काढायच्या नसतात. तिनं त्या कोपरापर्यंत वर चढवल्या आणि मंदाच्या लंगोटाची पट्टी फाडून दोन्ही हातांवर घट्ट बांधल्या. बांधताना तिला हसू आलं होतं. हे हसू तिला आता आठवलं. काळजी करणारं माणूस हसतं का?

काळजी नव्हती ती.

ती भूक होती. म्हणायला लाज वाटते, पण तीच. भुसावळच्या रेल्वेच्या क्वार्टरात सकाळी चुलीपाशी बसून, मंदाचे लंगोट धुऊन, नवऱ्याचा, कौतिकचा, डबा भरून तो लोकोशेडला गेला की दिवसभर आपल्या बोटांकडे बघताना कधीतरी वाटायचं, ह्यांना काहीतरी येत होतं. बोटांनाच येत होतं, मला नाही. नवीन लग्न होतं तेव्हा एकदा तिनं सांगितलं होतं कौतिकला, की मला पिस्तूल खोलता येतं. तो भला माणूस. हसला, आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सांगून आला. रात्रपाळीचा फिटर घरी चहाला आला तर तिच्यासमोर म्हणतो, "वहिनी, आत्ता समजलं, हा पगाराच्या दिवशी सरळ घरी का पळतो ते." सगळे हसले. तीही हसली. पुन्हा कधी बोलली नाही. आणि इथे — आज — दुपारच्या निवांतात, फडक्यावर भाग डावीकडून उजवीकडे मांडत गेली तेव्हा अकरा वर्षांची सुगंधा, जिची बारीक बोटं नानांना हवी असत, जिला ते गल्लीतल्या कुठल्याही पोरापेक्षा हुशार म्हणत, ती येऊन बसली तिच्या हातांत. तेलाचा वास. पोलादाचा थंडपणा. सगळं येत होतं! काही विसरलं नव्हतं!

आणि आत सगळं जागच्या जागी होतं. कडी नीट. नळी लख्ख. जिथे तेलाचा थेंब हवा तिथे थेंब, जिथे नको तिथे कोरडं. आंधळ्या बोटांनी केलेलं, कुठे म्हणून कुठे चूक नसलेलं काम. ते बघताना तिला बरं वाटायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर अगदी क्षणभर, पापणी लवण्याएवढा, तिला हिरमोड झाल्यासारखं वाटलं. काहीतरी चुकलेलं सापडेल, आपण ते गुपचूप सुधारू, कुणाला कळणारही नाही — असं वाटत होतं ना तुला? तशी आलीस ना तू?

मग जोडायला घेतलं. पोस्टकार्डाचा तुकडा कुठे आहे ते तिला माहीत होतं. नानांच्या पेटीत, वरच्याच कप्प्यात. उठावं लागलं असतं. दोरी पायाला होती. आणि वाटलं, कार्ड कशाला, मला येतं. खीळ ओवली. मंदा रडली. पायानं दोरी ओढली…

ती किती वेळ तशीच बसून होती कोण जाणे. उन्हाची पट्टी फडक्यावरून सरकून तिच्या पायावर आली होती. रेघेचं काय करायचं ह्याचा विचार ती करत नव्हती, निदान तसं तिला वाटत होतं. पण हात आपणहून मंदाच्या उशाशी गेला, आणि काजळाची डबी घेऊन आला. मायनं घरी पाडलेलं काजळ, एरंडेलातलं, कापराचा वास असलेलं. करंगळीच्या टोकावर घेतलं. हीच करंगळी सकाळी मंदाच्या डोळ्यांत फिरली होती, गालावर तीट लावून आली होती — नजर लागू नये म्हणून. रेघेवर फिरवली. पुन्हा फिरवली. फडक्याच्या कोपऱ्यानं हलकेच टिपलं. तिरकं धरलं.

नव्हती.

गेली कशी, एवढी सहज! पिस्तूल पुन्हा कोरं झालं, निळंकाळं, पाटलांच्या रुमालातून निघालं होतं तसं. सुगंधानं ते गुंडाळलं, कोनाड्यात ठेवलं, फडकं झटकलं, हातांवरच्या पट्ट्या सोडल्या. बांगड्या मनगटावर खळकन उतरल्या. ओट्यावरची फू जराशी थांबली, मग पुन्हा सुरू झाली. की थांबली नव्हतीच? मंदाला झोळीतून काढून तिनं छातीशी घेतलं तेव्हा पोर पोटभर झोपलेलं होतं आणि मुळीच भुकेलं नव्हतं.

चारच्या सुमाराला पाटलांची बैलांची दमणी गल्लीच्या तोंडाशी थांबली. आवाज आधी आला, माणूस मागून.

"काय मिस्तरी! नवरदेव तयार शे का मना?"

"न्हाईधुईसन बसेल शे," नाना उठून बसत म्हणाले. टोपी चाचपून डोक्यावर घातली. "सुगंधा, आन वं पाटीलनं हत्यार."

तिनं आणलं. नानांच्या हातात दिलं, पाटलांच्या नाही. हे मात्र तिनं ठरवून केलं नव्हतं. नानांनी दोन्ही हातांवर घेऊन, पूजेचं ताट पुढे करावं तसं पुढे केलं. पाटलांनी रुमाल उलगडला. एकदा सरकता भाग मागे ओढून सोडला. "वा," म्हणाले. "रेशीम शे, रेशीम." मग, लोक करतात तसं, कौतुकानं, खांद्यावरच्या पांढऱ्या उपरण्याच्या टोकानं त्यांनी पिस्तूल आणखी एकदा पुसलं. उगाच. मायेनं.

उपरणं काळं झालं.

"हाई काय, काजयी र्‍हाई गई वाटतं," पाटील हसत म्हणाले आणि जरा जोरानं पुसू लागले. मग थांबले. पिस्तूल उन्हाकडे तिरकं धरलं. सुगंधा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चौकटीचं लाकूड तिला बोटाखाली एकाएकी फार खडबडीत लागलं. पाटलांनी नानांकडे बघितलं, मग दुसरीकडे, मग पुन्हा पिस्तुलाकडे. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण आता हळू बोलला.

"मिस्तरी… आठे एक रेघ शे."

"कोठे?"

"खिळीखाले. कमानसारखी. मी आनं तव्हय नव्हती हाई."

नानांनी हात पुढे केला. तर्जनीचं नख त्या जागी लावलं. खालून वर नेलं. मग वरून खाली. चेहरा तसाच, भिंतीकडे. फार वेळ लागला — का तिलाच वाटलं? मग नख त्यांनी नाकाशी नेलं. हल्ली ते सगळंच नाकाशी नेतात. भाकरी, पैसे, मंदाचं डोकं. नाकाशी नेलं आणि धोतराला पुसलं.

बोल, ती स्वतःला म्हणाली. आत्ता. दोनच शब्द आहेत. ओठ उघडलेसुद्धा असतील.

"मना हातनीच शे, पाटील," नाना म्हणाले. "खोटं कसाले बोलू. डोया गयात तव्हय वाटनं हात शेतस. आते हातबी गयात."

"जाऊ द्या हो!" पाटील एकदम मोठ्यानं म्हणाले, आणि त्या मोठ्यानं म्हणण्यातच सगळं आलं. "गोयी काय रेघ देखीसन सुटस का? उद्या हळदीकुंकू लायी देवूत तिच्यावर, कोन देखस!"

"तुमनी हौस व्हती."

"हौस काय, मिस्तरी… वय व्हयनं आपलं बठ्ठासनं."

पाटलांचं वय चाळीस होतं.

नारळ ठेवला त्यांनी ओट्यावर, दरवर्षी कुणीही ठेवतं तसा. नानांच्या पायांना हात लावला — आल्यावर लावला नव्हता, जाताना लावला. दमणीत बसताना तिच्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, आते मिस्तरीले आराम द्या." आणि ताईनं मान हलवली. हो म्हणून. त्या मान हलवण्यात तिनं काय काय कबूल केलं, हे दमणी आग्रारोडच्या वळणाला लागेपर्यंत तिला उमगत राहिलं.

नाना ओट्यावर बसून राहिले. ती त्यांच्या मागे उभी. बोलायला आता कुणी तिसरं नव्हतं, म्हणजे आता तर सोपं होतं. नाना, मी खोललं. दुपारी. तुमचं बरोबर होतं सगळं. हे शेवटचं महत्त्वाचं, खरं तर तेवढंच सांगितलं तरी पुरे, की तुमचं बरोबर होतं, मी आत बघून आलेय, तुमच्या बोटांना दिसतं… पण ते सांगायचं तर 'मी बघून आलेय' हे आधी येतं. आणि का बघायला गेलीस, हे त्याच्याही आधी. मी तुमच्यावर भरवसा ठेवला नाही, नाना. कसं म्हणायचं हे? हातानं झालेली चूक माणूस सांगू शकतं. ही हाताची नव्हती.

"नाना," ती म्हणाली. आणि पुढे तोंडातून आलं, "च्या ठेवू का?"

"ठेव."

चुलीपाशी ती फुंकणीनं फुंकत बसली आणि धूर डोळ्यांत गेला तर तिला बरंच वाटलं. मंदा शेजारी गोधडीवर पालथी पडून गोधडीचा टाका नखानं उकरत होती. कप घेऊन ती बाहेर आली, नानांच्या दोन्ही हातांत धरवला.

एक घोट घेऊन नाना म्हणाले, "दुपारले तुन्या बांगड्या ऐकाले नही उन्यात."

कपातली वाफ नानांच्या चेहऱ्यावर जात होती.

"पोरले निजाडत व्हती का?"

वाट काढून दिली होती त्यांनी. पुढ्यात ठेवली होती, पायघडीसारखी. की खरंच विचारत होते? आंधळं माणूस विचारतं तसं, घरात कोण कुठे आहे ते आवाजावरून जुळवत बसतं तसं? तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं — आणि निरखून बघता येतं आपल्याला, त्यांना नाही, ह्याचीच तिला लाज वाटली.

"हा, नाना," ती म्हणाली. "निजतच नव्हती."

"हां."

नख त्यांनी नाकाशी नेलं होतं. एरंडेल, कापूर. पोलादाच्या तेलाला कापराचा वास येत नसतो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, डोळे बांधून, कुठलं तेल ते ओळख म्हणत. मग त्यांना माहीत आहे. माहीत असून तीस वर्षांचं नाव त्यांनी तिच्यासाठी पाटलांच्या पायाशी ठेवलं. की आपल्या हातांची भीती त्यांना आधीपासूनच वाटत होती, आणि रेघ दिसताच त्यांनी ती मुकाट्यानं आपली मानली, वास-बीस काही कळलंच नाही? माहीत असेल तर मी त्यांचं काय घेतलं? माहीत नसेल तर काय घेतलं? ती दोन्ही बाजूंनी उचलून बघत होती आणि कुठली जड तेच कळत नव्हतं. फक्त एवढं कळत होतं, आणि ते कळताना ती स्वतःच्या नजरेसमोरून उठून जाऊ बघत होती, की त्यांना माहीत नसावं असंच तिला वाटतंय. त्यांचे हात गेले असंच त्यांना वाटत राहिलेलं चालेल. पण माझं कळायला नको.

दिवेलागणीच्या आधी माय आली. कपाळावर मळवट, ओंजळीत देवीचा अंगारा. नारळ बघून म्हणाली, "गया का पाटील? खुश व्हयना का?"

"रेघ पाडी मी त्याना हत्यारवर," नाना म्हणाले. "हात गया मना, तानू."

"हात कोठे जास? शे ना आठेच कोपरले लटकेल." मायनं त्यांच्या कपाळाला अंगारा लावला, टोपी सरळ केली. तिला ते फारसं मोठं वाटलं नव्हतं; आयुष्यभर तिला नवऱ्याच्या हत्यारांचा कंटाळाच होता. "बरं व्हयनं. बठा आते घरमा, नातले खेळाडा."

"भाईदासनी बंदूक शे ना, ती तशीच धाडी दे सकाय," नाना म्हणाले. "खोलेल नही मी. म्हन, मिस्तरीनं सोडं आते."

"मी धाडस," माय म्हणाली. आणि मग सुगंधाकडे बघून, "तुले काय व्हयनं वं? तोंड काब्र उतरनं?"

आता. आता नाना सांगतील. तिच्या पाठीत एक कळ ताठ उभी राहिली, ओळखीची, अकराव्या वर्षाची. मोडक्या पिस्तुलावर शिकत होती तेव्हा पहिल्यांदा तिनं अशीच कमान पाडली होती, आणि नानांनी बांबूची काडी तिच्या बोटांच्या पेरांवर मारली होती, "गधडी!" म्हणाले होते, "डोया कोठे व्हतात तुना?" — आणि मग, "परत कर." केलं. "परत कर." अंधार पडेपर्यंत, मायनं दोनदा जेवायला बोलावेपर्यंत, रडून रडून नाक गळत असताना, परत कर, परत कर, शेवटी खीळ हवेतून आली आणि टक्क बसली. जेवताना नानांनी तिच्या पानात आपल्या पानातला गुळाचा खडा ठेवला होता.

तिला ती काडी हवी होती. एकाएकी, तहान लागावी तशी. पेरं पुढे करून बसावं आणि त्यांनी मारावी. गधडी म्हणावं. पोर कडेवर असू दे, कपाळावर कुंकू असू दे, परत कर म्हणावं. ती नकळत एक पाऊल त्यांच्याकडे सरकलीसुद्धा. बांगड्या किणकिणल्या, आणि नानांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. ते पांढुरके डोळे बरोबर तिच्यावर येऊन थांबले.

नाना हसले. सौम्य, अदबीचं हसू. जावई आले की हसत तसं.

"दमनी व्हई ती," ते मायला म्हणाले. "पोर रात-दिन आंगवर. चार दिन उनी शे माहेरले, तिले काय कामं सांगतीस. सुगंधाबाई, जा, जराशी पड. पोर दे मनापान."

सुगंधाबाई. असं त्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं. सासरचे म्हणत, क्वार्टरातल्या बाया म्हणत.

तिनं मंदाला त्यांच्या मांडीवर दिलं. ती आत गेली. गोधडी होतीच अंथरलेली, खिडकीखाली, जिथे ती लहानपणी हातपाय फेकून आडवीतिडवी झोपायची आणि माय लाथा खात असे. बाहेर नाना मंदाशी काहीतरी बोलत होते, माय भाकरीचं पीठ चाळत होती. पड म्हणाले होते म्हणून ती पडली. कुशीवर, भिंतीला लागून, पाय पोटाशी घेऊन. परक्या घरी निजताना घेतात तसे, कमीत कमी जागेत, आपल्यामुळे कुणाची अडचण होऊ नये म्हणून. डोळे उघडेच होते. कुणी आत आलं तर लगेच उठून बसता यावं.